तीन मागी आणि एक ण

आमच्या सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लाल शाईचा एक ण आहे. तो तिथे कसा आला हे जेल रोडवरचा प्रत्येक जण वेगळं सांगतो, म्हणून एकदाचं मीच लिहून टाकतो. मला लिहायला वेळ लागतो. अक्षरं मी अडुसष्टाव्या वर्षी शिकलो, तेव्हा वाचणाऱ्यानेही जरा दमानं घ्यावं.

आमच्या घरात शाळा भरते. शिकवते माझी सून सुवर्णा. शिकतात माझ्या दोन नाती, बारा वर्षांची पायल आणि आठ वर्षांची रूथ. लॉकडाऊनमध्ये मुलींची शाळा मोबाइलवर आली, तेव्हा मोबाइलमधल्या बाई सारख्या तोंड उघडं ठेवून अडकायच्या. त्या सुटेपर्यंत सुवर्णा पुढचा धडा शिकवून टाकायची. शाळा पुन्हा उघडली तोवर मुली पुस्तक संपवून बसल्या होत्या. मग सुवर्णा आणि माझा मुलगा राज यांनी प्रार्थना करून ठरवलं, की आता घरीच शिकवायचं, परीक्षा पुढे बाहेरून देतील. साडेआठला माझी बायको लताबाई पितळी ताटावर लाटणं मारते, ती घंटा. मग प्रार्थना, एक गीत आणि हजेरी. हजेरीत तिसरं नाव माझं असतं.

त्याचं असं झालं. मी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात चौतीस वर्षं कोळसा हलवला, पण अक्षर म्हणून फक्त सही शिकलो. निवृत्त झाल्यावर मुलींच्या मागे चष्मा लावून, पेपर पसरून रुबाबात बसायचो. एकदा रूथ म्हणाली, "आजोबा, पेपर उलटा आहे." दुसऱ्या दिवसापासून माझं नाव हजेरीत.

शेजाऱ्यांना ही शाळा पचायला जड गेली. तळमजल्यावरच्या वत्सलाबाईंनी जिन्यात विचारलं, "पोरींना शाळंनं काढलं का?" पायल म्हणाली, "नाही आजी, आम्हीच शाळेला काढलं." दूधवाला अजून हळू आवाजात विचारतो, की मुलींना काही आजार आहे का. पण सगळ्यात जास्त दुःख झालं ते ज्ञानेश सरांना. सर निवृत्त मुख्याध्यापक, छत्तीस वर्षं मराठी शिकवलेले, आणि आता सोसायटीचे सचिव. शाळेशिवाय शिकणारी मुलं म्हणजे त्यांना स्वतःचा अपमान वाटे. जिन्यात मुली दिसल्या की ते वाट अडवून विचारत, "सतरा नवे किती?" पायल म्हणायची, "एकशे त्रेपन्न, सर." उत्तर बरोबर आलं की सर आणखी खिन्न व्हायचे.

तर डिसेंबर लागला आणि सुवर्णानं जाहीर केलं, "यंदा आपल्या शाळेचं संमेलन करायचं. नाताळचा प्रसंग बसवू, खाली पार्किंगमध्ये, सगळ्या सोसायटीला बोलावून. लोकांना एकदा बघू दे, आपण घरात काय करतो ते."

पात्रं घरातलीच. रूथ येशूची आई मरिया आणि तीच सगळ्यांना चुकलेलं वाक्य सांगणारी. पायल मरियेचा नवरा योसेफ. माझी मुलगी संजना देवदूत, कारण ती दवाखान्यात नर्स आहे आणि पांढरा पोशाख तिच्याकडे तयार आहे. तीन मागी म्हणजे राज, सुवर्णाचे वडील कोंडाजी आणि आमच्या चर्चच्या मंडळीत ढोलकी वाजवणारा लखन. दोन मेंढपाळ मंडळीतलीच पोरं. मागी म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी लोक, जे तारा बघून बाळ येशूच्या भेटीला आले. लहानपणापासून आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, ऐकत आलेला शब्द.

मला दोन कामं मिळाली. एक, सोसायटीसाठी नोटीस लिहायची. दोन, कार्यक्रमाच्या सुरुवातीला शास्त्रातली, म्हणजे बायबलमधली, बारा वचनं सगळ्यांसमोर वाचायची.

"मी? सगळ्यांसमोर?"

"तीन वर्षं झाली बाबा," सुवर्णा म्हणाली. "आता वार्षिक परीक्षा."

त्या संध्याकाळी लताबाईनं ट्रंकेतलं जांभळं लुगडं काढून उन्हात टाकलं. ते लुगडं राजच्या लग्नानंतर बाहेर आलेलं नव्हतं. मला घाम फुटला.

इथे एक कबुली देतो. मी ती वचनं वाचली नाहीत, पाठ केली. पायल वाचायची, मी डोळे मिटून ऐकायचो. चौतीस वर्षं साहेबांची तोंडी ऑर्डर लक्षात ठेवलेल्या माणसाला बारा वचनं म्हणजे काहीच नाही. पुस्तक हातात धरायचं, बोट फिरवायचं आणि म्हणून टाकायचं. परीक्षेत असं करतात त्याला काय म्हणतात ते मला माहीत आहे.

नोटीस मात्र मी खरंच लिहिली. अख्खी सकाळ गेली. अर्धा ड्रॉइंग पेपर घेतला, स्केच पेन घेतलं आणि लांबून दिसावीत म्हणून अक्षरं चांगली वांग्याएवढी काढली. नाताळ, नाटक आणि येशू हे तीन महत्त्वाचे शब्द मी शेवटच्या ओळीसाठी राखून ठेवले होते. शेवटच्या ओळीपर्यंत कागदच उरला नाही. तयार झालेली नोटीस अशी होती:

"रविवारी संध्याकाळी ५ वाजता पार्कींगमध्ये या. पूर्वेकडून तीन मागी येणार आहेत. फराळ आहे. गोटीराम अमोलिक, तिसरा मजला."

सुवर्णा म्हणाली, "मी बघणार नाही बाबा. आपल्या शाळेचा नियम आहे, ज्याचं काम त्यानं करायचं." मी खाली जाऊन ती मीटरच्या खोलीशेजारच्या बोर्डावर लावली, चार पावलं मागे झालो आणि बघत राहिलो. इतकी वर्षं त्या बोर्डावर दुसऱ्यांनी लिहिलेलं बघून मी मान डोलवत होतो. आज माझं होतं.

मागून ज्ञानेश सर आले. त्यांनी वाचलं आणि खिशातून लाल पेन काढलं. ते पेन निवृत्तीनंतरही त्यांच्या खिशात असतं, माझ्या खिशातून अजून कोळशाची पूड निघते तसं.

"गोटीरामभाऊ, पार्किंगमधला कि ऱ्हस्व."

"हो सर."

त्यांनी दुरुस्त केलं. मग पेन दुसऱ्या ओळीवर थांबलं.

"हे काय? मागी?"

"मागी, सर. येणार आहेत."

"ण खाल्लात तुम्ही. मागणी. मागणी येते. मागी असा शब्द मराठीत नाही." आणि त्यांनी गी खोडून ग केला, त्याच्यापुढे वरच्या बाजूला ण लिहून त्याला दीर्घ ईकार दिला आणि बाण काढून जागा दाखवली.

ण हे अक्षर मला पहिल्यापासून मानवत नाही. नळाचा न सरळ आहे. हा उगाच कमरेवर हात ठेवून उभा. केवळ सुनेच्या नावात आहे म्हणून मी त्याला मान देतो. पण मुख्याध्यापकांशी वाद कोण घालणार? मी घरी येऊन गुपचूप विचार केला. टेशन म्हणायचो ते स्टेशन निघालं. लायसन म्हणायचो त्यातही बरंच काही निघालं. देवळातही आम्ही पिढ्यान् पिढ्या ण गिळत आलो असू. सुनेला विचारलं असतं तर एका मिनिटात सुटलं असतं, पण पहिल्याच नोटिशीत दोन लाल खुणा, हे तिला सांगायला जीभ वळेना. मी मनातल्या मनात पाठांतर दुरुस्त केलं. पूर्वेकडून मागणी लोक आले.

दुसऱ्या दिवशी सर स्वतः वर आले, मी भरून दिलेला परवानगीचा छापील फॉर्म घेऊन. त्यात चार चौकोन आहेत: सण, वाढदिवस, लग्नकार्य, इतर. सण म्हणजे सोसायटीच्या यादीतले पाच, त्यात नाताळ नाही. मी 'इतर'वर खूण केली होती. 'इतर'ला कमिटीची सभा लागते आणि सभा जानेवारीत होती.

"तुमचा अर्ज मी लग्नकार्यात टाकलाय," सर म्हणाले. "त्यातच बसतो तो. मला आधी का नाही सांगितलंत?"

मला वाटलं, माणूस दिसतो तसा कडक नाही. आमचं अडू नये म्हणून नियमातून वाट काढतो आहे. मी हात जोडले.

"मुलाकडची माणसं किती?" सर लिहीत होते.

मुलाकडची म्हणजे बाळाला भेटायला येणारी. "तीन मागणी," मी ण जोरात म्हटला, "आणि दोन मेंढपाळ."

सरांनी मनात बेरीज केली. मग त्यांनी पाच लिहिलं.

संध्याकाळी भाजीच्या गाडीपाशी वत्सलाबाई मेथी घेत होत्या. गावाकडचा त्यांचा मळा आहे, तरी नाशिकरोडच्या मेथीवर त्यांचा विश्वास नाही आणि रोज त्या तीच घेतात.

"भाऊ, तीन मागणी येणार म्हणं?"

"हो. रविवारी."

"लय बरं झालं बाई. कुठून येत्यात?"

"पूर्वेकडून."

त्यांनी पूर्वेकडे पाहिलं. तिकडे एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात. "लाइटीत हाय का? पर्मनंट?"

"नाही, फार लांबून येतात. तारा बघून निघतात."

"म्हंजी पत्रिका बघून."

"तसंच म्हणा. ज्ञानी लोक आहेत."

"शिकल्यालं म्हणा की. आन् मागत्यात काय काय?"

"मागत काहीच नाहीत. उलट घेऊन येतात. सोनं, ऊद आणि गंधरस."

मेथीची जुडी त्यांच्या हातात राहिली. "पोराकडचे सोनं आणत्यात?"

"आमच्यात दोन हजार वर्षं हेच चालू आहे."

"आन् पोरगा कसा हाय?"

मी जरा गहिवरलो. कुणी शेजारणीनं येशूबद्दल एवढ्या आपुलकीनं पहिल्यांदाच विचारलं होतं. "त्याच्यासारखा दुसरा नाही. पण बघा, एवढा मोठा, आणि गव्हाणीत निजला. गाईबैलांपाशी."

"दुधाचा धंदा," वत्सलाबाई म्हणाल्या. "वाईट नाय. भाऊ, तुमच्या घरातल्या बायांना मी काय इचारत नाय. मोठी गोष्ट हाय, आधीच बोभाटा नको."

मी म्हटलं, खरं आहे. माझ्या मनात आलं, किती भक्तिभाव. आता कळतं की त्यांच्या डोळ्यांपुढे संजना होती. संजना तेहेतीस वर्षांची. दोन वर्षांपूर्वी तिचं ठरलेलं मोडलं. त्या लोकांना नर्सची नोकरी सोडणारी मुलगी हवी होती. त्यानंतर तिनं सांगून टाकलं, "बाबा, आता मला कुणाला दाखवायचं नाही. मी काही शोकेसमधली बरणी नाही." घरात तो विषय संपला. इमारतीत संपला नव्हता, हे मला कळायला हवं होतं.

रविवार उजाडला तो आश्चर्य घेऊनच. लताबाई पहाटेच केकचं पीठ डब्यात भरून बेकरीत रांगेला गेली होती. मी खाली उतरलो, तर गेटला आंब्याच्या पानांचं तोरण. सरांनी सगळ्या गाड्या बाहेर काढायला लावल्या होत्या. दुसऱ्या मजल्यावरची ललिता रांगोळी काढत होती, आणि तळमजल्यावरून कांदा परतल्याचा वास येत होता. खुर्च्या दोन बाजूंना समोरासमोर, रांगा करून लावल्या होत्या. नाटकाला अशा खुर्च्या लावतात का, असं मला वाटलं, पण सचिवांनी लावल्यात म्हणजे नियम असेल.

सुवर्णा कागदाची मोठी चांदणी घेऊन खाली आली आणि थबकली. "बाबा, हे तोरण कुणी लावलं?"

"सोसायटीनं. आपल्या शाळेसाठी."

तिचे डोळे भरले. तीन वर्षं जिन्यात टोमणे ऐकलेली बाई ती. "मला वाटलं होतं, चार माणसंसुद्धा येणार नाहीत," एवढंच ती म्हणाली आणि चांदणी बांधायला स्टुलावर चढली. नंतर जे झालं त्याची मला सगळ्यात जास्त भीती वाटली ती या एका वाक्यामुळे.

चार वाजता लखन आला. लखन संजनाच्याच दवाखान्यात रक्त तपासतो. उपासनेत ढोलकी वाजवतो आणि सहसा ढोलकीमार्फतच बोलतो. सोन्याचा कागद गुंडाळलेली पेटी आणि पुठ्ठ्याचा मुकुट घेऊन तो पाण्याच्या टाकीमागे माझ्याजवळ आला. चेहरा उतरलेला.

"सलाम काका. ती मंडळी कुठवर आलीत?"

"कोण?"

"गेटवर आजी म्हणाल्या. मागणीवाले. तिघं आहेत म्हणे."

"अरे, त्यातला एक तू नाहीस का?"

त्याचा मुकुट हातातून पडला. "तुम्हाला कुणी सांगितलं, काका?"

"सांगायला कशाला पाहिजे? सगळं लिहिलेलंच आहे."

"आणि तुमची काही हरकत नाही?"

"हरकत असती तर मी तुला बोलावलं असतं का?" मी मुकुट उचलून त्याच्या डोक्यावर ठेवला. "घाबरू नको. पुढे यायचं, वाकायचं, पेटी ठेवायची, आणि कशासाठी आलात म्हणून विचारलं की स्पष्ट आवाजात सांगायचं. मागे ऐकू गेलं पाहिजे."

"मागेपर्यंत?" लखन म्हणाला.

"शेवटच्या खुर्चीपर्यंत."

पाचला पार्किंग भरलं. संजना ड्युटीवरून थेट आली. बायकांनी तिला वाट करून दिली, ललितानं तिच्या हातात गजरा ठेवला. वत्सलाबाई पुटपुटल्या, "पोरगी ड्युटीच्या कपड्यातच बसणार व्हय?" संजनाला वाटलं, देवदूताला गजरा असतो असं या लोकांना वाटत असेल. तिनं तो तसाच हातात धरला.

मग मी उठलो. पुस्तक उघडलं, खुणेचा दोरा बाजूला केला आणि समोर पाहिलं. तीच चूक झाली. पहिल्या रांगेत ज्ञानेश सर, त्यांच्यामागे लताबाई जांभळ्या लुगड्यात, तिच्या ओठांची हालचाल, कारण ऐकून ऐकून तिचीही वचनं पाठ झाली होती. आणि माझ्या डोक्यातून बाराच्या बारा वचनं निघून गेली. कन्व्हेयरचा पट्टा बंद पडावा तसं आत सगळं शांत झालं.

आता फक्त कागद उरला होता. मी बोट ठेवलं. पहिलं अक्षर लावलं, दुसरं लावलं. शब्द झाला. त्याला पुढचा शब्द जोडला. किती वेळ लागला माहीत नाही. रूथ पुढचं सांगायला तोंड उघडत होती, सुवर्णानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. येशूचा जन्म कुठे झाला ते मी वाचलं. तेव्हा राजा कोण होता ते वाचलं. पूर्वेकडून कोणी तरी आलं, इथपर्यंत पोचलो आणि बोट थांबलं.

मा. गी.

मी पुन्हा पाहिलं. पुस्तक डोळ्यांजवळ घेतलं. मा, मग गी.

"मागी," मी वाचलं.

"मागणी," पहिल्या रांगेतून सर म्हणाले, सवयीनं, प्रेमानंच.

 समोर छत्तीस वर्षांची नोकरी होती आणि माझ्या बाजूला तीन वर्षांची हजेरी. मी पुन्हा एकदा बोट फिरवलं. ते कमरेवर हात ठेवून उभं राहणारं अक्षर तिथे कुठेच नव्हतं.

"सर," मी म्हणालो, "इथे ण नाही."

 सर उठले, चष्मा बदलला आणि पुढे आले. माझ्या बोटाशेजारी त्यांनी आपलं बोट ठेवलं. खूप वेळ ते वाकून उभे होते.

"मागी," सरांनी वाचलं. "मागी लोक." मग सरळ झाले. "म्हणजे कोण हे?"

"पूर्वेकडचे ज्ञानी लोक, सर," पायल योसेफाच्या दाढीतून म्हणाली. "तारा बघून आलेले. आमच्या नाटकात आहेत."

"नाटक," सर म्हणाले. "गोटीरामभाऊ, म्हणजे लग्न नाही?"

"कुणाचं?"

सगळी सोसायटी संजनाकडे बघू लागली. संजना हातातल्या गजऱ्याकडे. मग तोरणाकडे, मग समोरासमोरच्या खुर्च्यांकडे, आणि शेवटी माझ्याकडे. तिची ती नजर मी आयुष्यात विसरणार नाही. सुवर्णाही तोरणाकडेच बघत होती, आणि मला तिकडे बघवेना.

"मंग पोहे?" मागून वत्सलाबाईंचा आवाज आला. "दोन किलो टाकलेत."

कुणी काही बोलायच्या आत राजनं टाकीआडून बायकोची अवस्था पाहिली आणि नाटक पुढे सरकावं म्हणून गीताचं बटण दाबलं. टाकीमागून मागी निघाले. आधी राज.

"ह्यो तर भाऊ," वत्सलाबाई म्हणाल्या.

मग कोंडाजी. दिंडोरीहून द्राक्षाची फवारणी सोडून आलेले, स्वतःचाच फेटा, स्वतःचीच घोंगडी.

"ह्ये तर व्याही. सत्तरीचे."

मग लखन. तो पार मागे होता आणि टाकीमागे पंपाच्या घरघरीत काहीच ऐकू येत नाही, त्यामुळे इकडे काय उलगडलं याचा त्याला पत्ता नव्हता. मुकुट एका कानावर आलेला, पेटी छातीशी धरलेली. तो चालत आला, वाकला आणि उभा राहिला. योसेफानं विचारलं, "आपण इतक्या दुरून कशासाठी आलात?"

"मी," लखन शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "संजनाला मागणी घालायला आलो आहे."

"लखनकाका," रूथ मरिया म्हणाली, "असं नाहीये."

गीत संपलं. मी पुस्तक छातीशी धरून उभा. संजना देवदूताच्या स्टुलावरून खाली उतरली.

"तुला कुणी सांगितलं हे म्हणायला?"

"काकांनी. म्हणजे मलाच म्हणायचं होतं. काका म्हणाले, स्पष्ट सांग."

"मला कुणी विचारलं?"

"आत्ता विचारतोय."

"आणि दोन वर्षं काय करत होतास?"

लखननं खरोखर विचार केला. "ढोलकी वाजवत होतो."

 दूधवालासुद्धा कॅन खाली ठेवून उभा होता.

"नोकरीचं काय?" संजनानं विचारलं.

"तुझी? ती तुझी आहे. सकाळच्या पाळीला लॅबमध्ये नमुने वेळेवर तूच पाठवतेस. तू सोडलीस तर मी मेलो."

 संजनानं पेटीकडे बोट केलं. "आत काय आहे?"

"चिक्की. इगतपुरीची."

"आधी बाळापुढे ठेव. त्याच्यासाठी आणलीस ना? बाकीचं उद्या, ड्युटी सुटल्यावर बोलू." आणि ती वळून आपल्या स्टुलाकडे गेली. हसली नाही. पण स्टुलावर चढायच्या आधी तिनं हातातला गजरा केसात माळला. ललितानं पिन दिली.

 तेवढ्यात लताबाई म्हणाली, "अहो, बारा आहेत ना? तुमचं पहिल्यावरच अडलंय."

मी पुन्हा बोट ठेवलं आणि उरलेली सगळी वाचली. पाठ आठवत होतं आता, पण मी आठवलं नाही. एकेक अक्षर लावत गेलो. नवव्या वचनाला सर खुर्चीत पुढे सरकून बसले. बारावं संपलं तेव्हा सगळ्यात आधी टाळी त्यांची होती. नंतर त्यांनी सुवर्णाला थांबवलं आणि विचारलं, "यांना सुरुवात कशी केलीत? बाराखडीपासून, की शब्दांपासून?" सुवर्णानं सांगायला सुरुवात केली आणि दोघं पोहे थंड होईपर्यंत बोलत उभे होते. तोरण कशासाठी बांधलं होतं, हा विषय दोघांनीही काढला नाही.

पोहे संपले. करंज्या संपल्या. केकसुद्धा संपला, आणि वत्सलाबाईंनी रेसिपी विचारून तिच्यात तीन चुका काढल्या.

माणसं पांगल्यावर मी बोर्डापाशी गेलो. सर आधीच तिथे होते, लाल पेन उघडून.

"खोडून टाकतो," ते म्हणाले. "शब्द तुमचा बरोबर होता. माझी चूक."

छत्तीस वर्षांत हे वाक्य त्यांनी कितीदा म्हटलं असेल, कोण जाणे. मी वरच्या त्या ण कडे पाहिलं. टाकीमागून ढोलकीचा आवाज येत होता. संजना अजून वर गेलेली नव्हती.

"राहू द्या सर," मी म्हणालो. "पेन द्या जरा."

त्यांनी दिलं. नोटिशीच्या तळाला फराळ आणि माझं नाव यांच्यामध्ये बोटभर जागा होती. तिथे मी बारीक अक्षरात लिहिलं: दोन्ही बरोबर.

सरांनी चष्मा वर केला आणि जवळ जाऊन वाचलं.

"न्ही दीर्घ," ते म्हणाले. "बरोबर आहे."